प्रायव्हेट नंबर अठ्ठावन्न

"हे वहीचं थेर आता पुरे," म्हणत अण्णानं दादाची वही पलंगावर आपटली. "चार वाजता जीप येणार. त्याच्या आत कपडे भर."

दादानं वही उचलली. दुमडलेला कोपरा बोटानं दाबून सरळ केला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "आज वार कुठला, छबे?"

"रविवार."

"नंबर?"

"बघ! आता रविवाराला पण नंबर पाहिजे याला!" अण्णानं कपाळावर हात मारला. "शैला, ऐकलंस? मी काय म्हणत होतो?"

शैलावहिनी दारात पिशवी धरून उभी होती. दादाचे दोन पायजमे तिनं आधीच घड्या करून आत टाकले होते.

"दादा, आता नको रे," मी म्हणाले. मंगळवारपासून मी त्याला एकही नंबर दिला नव्हता. आईचा डबा घेऊन दवाखान्यात जायचे तेव्हाही, कागद घरी राहिला असं सांगून टाळायचे.

या गोष्टीला तीस वर्षं होतील आता. दौंडला आमचं तीन खोल्यांचं घर होतं, आईच्या नावावर. अण्णा सगळ्यांत थोरला, पुण्याला कंपनीत फोरमन. मधला गोरखदादा, रेल्वेत गेटमन होता. मी शेंडेफळ. नवऱ्याच्या लाथा खाऊन कंटाळले तेव्हा शिलाई मशीन टेम्पोत घालून माहेरी आले, ती आलेच. अण्णाला ते आवडलं नव्हतं. "चार महिने राहा, मग बघू," म्हणाला होता. चारची चार वर्षं झाली होती आणि प्रत्येक दिवाळीला तो मला ते मोजून दाखवायचा.

दादाला स्किझोफ्रेनिया होता. गल्लीतल्या लोकांना तो शब्द उच्चारता येत नव्हता, म्हणून ते वेडा म्हणायचे. ज्यांना उच्चारता येत होता तेही वेडाच म्हणायचे. दादाला आवाज ऐकू यायचे. पण आवाजांपेक्षा वाईट गोष्ट दुसरी होती. सकाळी काय खाल्लं ते त्याला दुपारी आठवायचं नाही, आणि न घडलेलं मात्र घडल्यासारखं आठवायचं. आई मेली आणि आपण तिला पोचवून आलो, हे त्याला एकदा आठवलं. आई समोर बसून शेंगा फोडत होती. पुण्याच्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं, "यांच्या डोक्यात झालेलं आणि वाटलेलं एकाच कपाटात पडतं. कुठलं कुठलं ते यांना ओळखता येत नाही."

डॉक्टर खरं बोलले, पण अर्धंच. दादाला ओळखता येत नव्हतं हे खरं. पण आपल्याला ओळखता येत नाही हे त्याला ठाऊक होतं. आणि त्यानं त्यावर एक तोडगा काढला होता. कुठल्या पुस्तकातनं नाही, त्याच्या गेटवरनं.

रेल्वेच्या गेटवर फोन असतो. गाडी यायची झाली की स्टेशनमास्तर फोन करतो, गेट बंद कर. गेटमन गेट लावतो, कुलूप घालतो, परत येतो आणि मग आपल्याजवळच्या कागदावरचा दोन आकडी नंबर मास्तरला सांगतो. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. मास्तरनं काही हुकूम दिला तर तोही आपल्या कागदावरचा नंबर देतो. कागदावर नंबर वेडेवाकडे छापलेले असतात, सत्तरच्या पुढं बारा, बाराच्या पुढं एकोणनव्वद. सांगितलेला नंबर गेटमन आपल्या कागदावर काट मारून संपवतो आणि मास्तर तोच नंबर आपल्या रजिस्टरात लिहितो. दोन्हीकडं तोच नंबर असेल तर बोलणं झालं. नसेल तर झालंच नाही.

दादाचा आजार त्यानं स्वतःच पकडला तो या नंबरावर. सत्याऐंशी साल. गेट बंद होतं, दोन्ही बाजूंना बैलगाड्या, एसटी, हॉर्न. फोन वाजला. "गाडी रद्द झाली, गेट उघड." दादानं नंबर मागितला. "चोवीस." दादानं लिहून घेतला, किल्ली उचलली, दारापर्यंत गेला आणि परत फिरला. मास्तरला फोन लावला. "साहेब, तुम्ही मला चोवीस दिला का?"

"कसला चोवीस? मी फोनच केला नाही."

लोक शिव्या घालत होते, एसटीचा ड्रायव्हर खाली उतरून दगड दाखवत होता. दादा किल्ली मुठीत धरून बसून राहिला. सात मिनिटांनी गाडी धडधडत गेली. संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर तो मास्तरांकडं गेला आणि म्हणाला, "साहेब, मला गेटवरनं काढा. मला न झालेला फोन ऐकू आला."

या गावातल्या शहाण्यांपैकी एकानं तरी आपलं डोकं असं तपासून घेतलंय का कधी? सगळे आपापल्या डोक्यातलं छापील समजतात.

घरी आल्यावर त्यानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नंबर लिहून आमचे कागद केले. एक आईचा, आणि मी माहेरी आल्यावर एक माझा. आई तिचा कागद कनवटीला ठेवायची, मी मशीनच्या ड्रॉवरमध्ये, बॉबिनच्या डबीखाली. दादा विचारायचा, "आई, मी गोळी घेतली?" आई म्हणायची, "घेतलीस. माझ्यासमोर घेतलीस. बत्तीस." आणि पेन्सिलीनं बत्तीसवर काट मारायची. दादा वहीत वेळ, बोलणं आणि नंबर लिहायचा.

"आवाज पण नंबर देतात," तो मला एकदा म्हणाला होता. "हुशार आहेत. पण त्यांच्याकडं तुमचा कागद नाही ना. तिथं फसतात लेकाचे."

सात वर्षं तो त्याच्यावर जगला. लहान पोरं हसायची, अण्णा चिडायचा. आम्हाला दोघींना त्याची सवय झाली. सवय फार झाली, हेच पुढं नडलं.

मंगळवारी काय झालं ते आधी सांगते, जसं मी अण्णाला सांगितलं तसं. दूध उतरवलं गेलं होतं पण गॅस चालूच राहिला होता. खिडकीतनं ऊन थेट शेगडीवर येत होतं, निळी ज्योत दिसत नव्हती. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मागच्या फळीवरचा गुळाचा डबा काढायला ती ओट्यावर वाकली आणि नायलॉनच्या लुगड्याचा पदर पेटला. दादा बाहेरच्या खोलीतनं धावत आला, गोधडी टाकून तिला जमिनीवर लोळवलं. उजवा हात दंडापर्यंत भाजला. जीव वाचला.

"चहा कोण करतं साडेअकराला?" अण्णानं पुण्याहून आल्या आल्या विचारलं होतं.

"दादा," मी म्हणाले. खरंच होतं ते.

"तू कुठं होतीस?"

"मशीनवर."

तेही खरंच होतं. दवाखान्यात त्यानं आईला विचारलं तेव्हा आई गुंगीत होती. एवढंच म्हणाली, "बंद आहे असं ऐकलं होतं मी." अण्णानं मान हलवली. "म्हणजे यानंच सांगितलं असणार. आपण बंद केला असं वाटलं असणार याला."

दादा पाच दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात होता. अण्णानं त्याला तिथंच विचारलं, "तू गॅस चालू ठेवलास ना?" दादा म्हणाला, "वही घरी आहे. बघून सांगतो." अण्णा त्यालाही वेडेपणाच समजला.

आणि शुक्रवारी अण्णा मला घेऊन, दादाला कायमचं ठेवायचं होतं ती मनोरुग्णांची संस्था बघायला गेला. घाटापलीकडं होती. चुना लावलेली, झाडलेली, वाईट म्हणावं असं काही नाही. नुसतं दारात पट्टा, वही, पेन्सिल काढून घेत होते. मी म्हणाले, आमच्या भावाला वही लागते. तिथला माणूस चांगला हसून म्हणाला, "ताई, इथं काही लक्षात ठेवावंच लागत नाही त्यांना. आम्ही आहोत ना."

परत येताना एसटीत मी बोटांवर मोजत होते. वही नाही, कागद नाही, नंबर देणारं कुणी नाही. दादा त्या आवाजांत पुरता बुडणार होता आणि त्याला बुडताना कळणारही नव्हतं. हे मला माहीत होतं. माहीत असून मी रविवारपर्यंत गप्प बसले.

तर रविवार. पिशवी भरून झाली होती. अण्णा घड्याळ बघत होता. दादा पलंगाच्या कडेला बसून वहीची पानं उलटत होता.

"मंगळवार," तो म्हणाला. "सापडला."

"काय सापडलं?" अण्णा म्हणाला.

दादा मास्तरांच्या फोनवर बोलायचा तसा सरळ बसून वाचायला लागला. "अकरा चाळीस. मी बाहेरच्या खोलीत. छबूला विचारलं, गॅस बंद केलास का. छबू म्हणाली, केला. नंबर अठ्ठावन्न."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं.

"म्हणजे?" अण्णा म्हणाला. "छबे, हा काय म्हणतोय?"

मी उत्तर द्यायच्या आत दादानं हात वर केला. "थांब अण्णा. वहीत आहे म्हणून खरं, असं होत नाही. वहीत मी लिहितो. माझं डोकं बिघडलेलं आहे. छबे, तुझा कागद आण. त्याच्यावर अठ्ठावन्नवर काट असेल तर बोलणं झालं. नसेल तर तो आवाज होता आणि गॅस माझ्याकडनं राहिला."

किती सरळ. जगातल्या कुठल्याही कोर्टात आरोपी स्वतःच्या विरुद्ध असा दरवाजा उघडून देत नाही.

अण्णाची नजर माझ्यावर. मी त्याच्या पाठीमागं दिवाळीचा हिशेब बघत होते, चार महिन्यांची चार वर्षं. आईचा हात मी भाजला हे कळल्यावर पाचवं वर्ष नव्हतं. मशीन कुठं नेणार होते मी?

"कागद नाही," मी म्हणाले. "हरवला."

"कधी?"

"मागंच. महिना झाला."

"मग महिनाभर नंबर कुठनं दिलेस?"

"तोंडाला येईल तो द्यायचे," मी म्हणाले. या तोंडाला किडे पडायला पाहिजे होते.

दादा माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही. मशीनवर धागा तुटला की टोक शोधत आपण बघतो, तसा. मग त्यानं खिशातली पेन्सिल काढली, त्या ओळीवर सावकाश एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'आवाज'. खाली सही केली, गोरख, तारीख.

"झालं?" अण्णाचा आवाज एकदम मऊ झाला होता. "बघ, तूच कबूल केलंस. तुझा दोष नाही रे बाबा, आजारच तसा आहे."

"नियम तो नियम," दादा म्हणाला. "दुसऱ्या बाजूला नंबर नाही, तर बोलणं झालं नाही." तो उठला. "जीपला किती वेळ आहे?"

"पाऊण तास."

दादा स्वयंपाकघरात गेला. मी मागं गेले, का गेले कुणास ठाऊक. तो शेगडीची दोन्ही बटणं हातानं चाचपून बघत होता, मग सिलिंडरचं, मग पुन्हा शेगडीची.

"छबे, आईला हे बटण डाव्या हातानं फिरवायला शिकव," तो म्हणाला. "उजवा चालायचा नाही आता काही दिवस."

"बरं."

"आणि डॉक्टरला सांग, माझं वाढलंय म्हणावं."

"काय वाढलंय?"

"आवाज नुसते बोलायचे इतके दिवस. आता कसब आलंय त्यांना." तो ओट्याला टेकून माझ्याकडं न बघता बोलत होता. "मंगळवारी तुझा आवाज बोबडा आला होता. तोंडात टाचण्या धरून बोलतेस ना तू, तसा. 'अथ्थावन्न' असा. दारात कुणीतरी गिऱ्हाईक बांगड्या वाजवत उभं होतं. ते सुद्धा ऐकू आलं मला. आता टाचण्या पण करायला लागले म्हणजे मी कशाचा भरवसा धरायचा, सांग? आईला गोधडीत गुंडाळलं ते तरी मीच ना?"

मंगळवारी माझ्या तोंडात सहा टाचण्या होत्या. दारात सुताराच्या घरची नवरी उभी होती, ब्लाउजची बाही घट्ट झाली म्हणून. दूध मीच उतरवलं होतं आणि चहा ठेवायचाच आहे म्हणून ज्योत तशीच सोडली होती. दादानं विचारलं तेव्हा उठायचा कंटाळा आला. बाही लावून झाली की बंद करू, म्हटलं, आणि बसल्या जागेवरनं नंबर देऊन मोकळी झाले. कागदावर काटही मारली, सवयीनं. गेट न लावता नंबर देणं. गेटमनचं याहून मोठं पाप नाही, हे दादानं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आईनं तो नंबर आतनं ऐकला होता. नंबर दिला म्हणजे बंद, असं धरून ती निर्धास्त वाकली होती.

मला ते सगळं विसरायला पाच दिवस पुरले होते. बोबडा आवाज, बांगड्या, सगळं. त्या वेड्या म्हणवलेल्या माणसाच्या डोक्यात ते जसंच्या तसं होतं, आणि माझ्या एका शब्दावर तो ते स्वतःच्या हातानं मारून टाकायला निघाला होता.

मी बाहेर आले. मशीनचा ड्रॉवर ओढला, तो अडकला, दुसऱ्यांदा ओढला तेव्हा बॉबिनची डबी खाली पडून बॉबिनी खोलीभर घरंगळल्या. एक अण्णाच्या पायाशी जाऊन थांबली. कागद मी दादाच्या हातात दिला.

त्यानं खिडकीशी जाऊन बघितला. बोट फिरवत फिरवत खाली आला. अठ्ठावन्नवर काट होती. पुढचा तेरा मोकळा.

"म्हणजे टाचण्या होत्या," तो म्हणाला.

"होत्या."

"बांगड्या?"

"सुताराची वैजू आली होती."

दादा मटकन खाली बसला. मला वाटलं रडतोय, पण तो हसत होता. खांदे हलवून, आवाज न करता. "होत्या," तो म्हणाला. "साल्या टाचण्या होत्या!"

"छबे!" अण्णा ओरडला. "म्हणजे आईला तू... आणि याला जीपमध्ये बसवायला निघालीस? काळतोंडे! माणूस आहेस का कोण?"

"आणि हिला ठेवायचं का मग घरात?" वहिनी म्हणाली. पिशवी अजून तिच्या हातातच होती.

उत्तर दादानं दिलं. आधी त्यानं वही उघडली, 'आवाज' या शब्दावर रेघ मारली, खाली लिहिलं 'दुरुस्ती. खरं.' आणि पेन्सिल माझ्यापुढं धरली. "सही कर."

मी केली.

"गेट न लावता नंबर दिलास," तो म्हणाला. आवाज पुन्हा ड्यूटीवरचा झाला होता. "वर कागद लपवलास. दोन गुन्हे. तीस दिवस तुझा नंबर बंद. या तीस दिवसांत तू काही बोललीस तरी मी ते धरणार नाही. एकतिसाव्या दिवशी नवा कागद."

"आणि?" वहिनी म्हणाली.

"आणि काय वहिनी? गेट कुणीतरी सांभाळायला पाहिजे ना. आई दवाखान्यात आहे, मी एकटा पुरणार नाही. तिला काढून कसं चालेल?"

अण्णा पायाशी पडलेल्या बॉबिनीकडं वाकला. ती उचलून त्यानं मशीनवर ठेवली. गाडीचा हॉर्न वाजला तसा बाहेर गेला, काहीतरी बोलून परत आला आणि खुर्चीत बसला. आम्ही तिघंही त्याच्या तोंडाकडं बघत होतो.

"जीप गेली?" दादानं विचारलं.

"गेली."

"नंबर?"

अण्णानं माझ्याकडं बोट केलं. "तिला विचार."

"तिचा बंद आहे."

दादानं भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं. गुडघ्यावर धरून, ओठ हलवत, त्याच्यावर आकडे लिहिले. चांगल्या तीन ओळी. मग ते पान आणि पेन्सिल अण्णाच्या हातात दिली. सात वर्षं ज्यानं त्या कागदांना थेर म्हटलं होतं, तो अण्णा ते पान धरून बसला. चष्मा वर केला, पहिला आकडा बघितला, तोंड उघडलं. आणि मिटलं.

तो उठला. दारापर्यंत गेला. उघड्या दारातनं मला जीप दिसत होती, ड्रायव्हर समोरच्या टपरीवर चहा पीत होता. अण्णा उंबऱ्यात उभा राहिला. ड्रायव्हरनं कप ठेवला, तंबाखू मळली, गाडी सुरू केली, वळवली. पाण्याच्या टाकीपाशी ती दिसेनाशी होईपर्यंत अण्णा हलला नाही.

मग तो आत आला, पानावर काट मारली आणि भावाला म्हणाला, "आता गेली. एकतीस."

दादानं वहीत लिहून घेतलं.

आई आठ दिवसांनी घरी आली. मी तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. ती डाव्या हातानं माझ्या ओठांवरनं बोट फिरवत म्हणाली, "टाचण्या तोंडात धरत जाऊ नकोस." त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही. आता ती नाही, अण्णाही नाही. दादा आहे. त्याला तो रविवार आठवत नाही, जीप मात्र आठवते. कधीकधी दुपारी तो घाबरून विचारतो, "छबे, मी गेलो होतो का गं तिकडं?" मी ट्रंक उघडून त्या सालची वही काढते आणि अण्णाचं ते कॅलेंडरचं पान. तो दोन्ही शेजारी ठेवतो. एकतीस, एकतीस.

"नाही गेलो," तो म्हणतो, आणि चहा मागतो. चहा झाला की विचारतो, गॅस?

मी आधी उठते.